हिरव्या पुडीची मुदत

“माझी पुडी कोणी काढली?” पेइ-शान दारातूनच ओरडली.

चाचणीच्या खोलीत खुर्चीत रेलून चहा पिणारे तिचे गुरू, चुआंग शिफू, सोडले तर कोणी नव्हतं. मशीनच्या डोक्यावर तिने काल ठेवलेली मक्याच्या खाऊची हिरवी पुडी गायब होती. हसणाऱ्याने खुशाल हसावं, पण पुडीशिवाय मशीन सुरू करायची या शिंचू शहरात कोणाची टाप आहे! त्या खाऊचं नावच मुळी ‘शहाण्यासारखं वाग’. पुडी हिरवीच हवी, म्हणजे दिवेही हिरवे राहतात. आणि मुदत संपलेली तर मुळीच नको. तशी ठेवलीत की मशीन हमखास सूड उगवतं.

“मी काढली,” शिफू म्हणाले. “मुदत संपली होती.”

“काहीतरीच काय! कालच तर आणलीय.”

“तुझ्या घड्याळात. मशीनचं घड्याळ बघ की.”

मशीनच्या पडद्यावर जानेवारी २०३८ होतं. चाचणीसाठी तिनेच तसं लावलं होतं. पेइ-शानचं डोकं फिरलं. आज शुक्रवार, आणि या माणसाला थट्टा सुचतेय!

मशीनमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचा कोड शिफूंनी लिहिला, तेव्हा पेइ-शान शाळेत होती. किती वाजले हे विचारायला तो कोड ऑपरेटिंग सिस्टिममधलं एक जुनं फंक्शन वापरायचा. ते बिचारं सेकंद मोजत बसायचं, आणि २०३८ च्या जानेवारीत त्याची मोजायची जागाच संपणार होती. मग घड्याळ कोलांटी मारून थेट १९०१ मध्ये. म्हणून सिस्टिम सांभाळणाऱ्या मंडळींनी जाहीर करून टाकलं होतं, की जुनं फंक्शन काढतोय, शुक्रवारपर्यंत जो बदलणार नाही त्याचा कोड बाहेर. ही मंडळी जगभर विखुरलेली. सगळा कारभार मेलवर, आणि दयामाया नावाला नाही. बदलाखाली करणाऱ्याचं नाव लागतं, तसंच तपासणाऱ्याचंही. या कार्डाला तपासणारे एकटे शिफू.

आणि शिफू पहिल्या दिवसापासून नाट लावत होते. “चालतंय ना? मग कशाला खाजवतेस? वसंतात मी निवृत्त होतोय, माझ्याबरोबर कार्डही होईल.”

कार्ड कसलं निवृत्त होतंय! बंदरातल्या शीतगृहांत, गल्लीबोळांतल्या दवाखान्यांत ते अजून राबत होतं. पेइ-शान याच कोडवर काम शिकली होती. तो बाहेर फेकला जाऊ द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. जिथे जिथे जुनं फंक्शन होतं तिथे तिने नवं बसवलं होतं. तरी चाचणी दोनदा फसली होती. घड्याळ २०३८ वर ढकललं रे ढकललं, की कार्ड म्हणायचं डिस्क मेली, आणि लाल दिवा लावून मोकळं व्हायचं.

“शिफू, हा कोड गेला तर तुम्हाला चालेल, मला नाही चालणार!” तिचा आवाज चिरकला. “आणि मुदतीचं काय सांगताय? मशीनला कुठलं का साल वाटेना. पुडी काल आणली. म्हणजे ती एका दिवसाची आहे. सालाशी तिचं काय...”

बोलता बोलता ती थांबली.

“काय झालं?” शिफूंनी विचारलं. त्यांचा एक हात मघापासून जॅकेटच्या खिशातच होता.

“सालाशी डिस्कचं तरी काय देणंघेणं?” ती म्हणाली. “कार्डाला फक्त एवढंच हवं असतं, की डिस्कने शेवटचं उत्तर देऊन किती वेळ झाला. आणि ते मोजायला आपण तारीख विचारतोय! मी घड्याळ पुढे ढकलते, आणि कार्डाला वाटतं डिस्क कित्येक वर्षं गप्प बसलीय.”

“मग?”

“मग तिथे तारखेचं घड्याळ नकोच. मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, ते मोजणारं घड्याळ हवं. ते कोणालाच पुढेमागे करता येत नाही.”

शिफूंनी कप खाली ठेवला. “मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? बस आणि कर!”

ती बसली. जेवणाचा डबा तसाच गार झाला. चार वाजत आले तेव्हा कोड तयार झाला. तिने मशीनचं घड्याळ आजच्या तारखेवर आणलं, बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“पुडी,” ती म्हणाली.

शिफू उठले. खिशातून पुडी काढून त्यांनी स्वतःच मशीनवर ठेवली, नीट, दोन्ही हातांनी. पेइ-शानने घड्याळ एका झटक्यात २०३८ वर ढकललं. दिवा हिरवा. तो जीवघेणा सेकंद आला आणि गेला. दिवा हिरवाच. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. शिफू कीबोर्डाशी बसले, तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि मेल पाठवून दिला.

तिने आनंदाच्या भरात पुडी उचलली. मागच्या छापील तारखेवर रेघ मारली होती. शेजारी मार्करने, शिफूंच्या तिरक्या अक्षरात, लिहिलं होतं: २०४०.

“हे कधी केलंत?”

“सकाळी, तू यायच्या आधी,” शिफू म्हणाले. “त्यासाठीच तर काढली होती.”