झाडलेली जमीन

मंगळावर उतरलेला आमचा लँडर धुळीनं मरायला टेकला होता. सोलर पॅनलवर थर साचले होते. मिहानमधल्या ऑफिसात आम्ही त्याच्या निरोपाचा केकसुद्धा सांगून ठेवला होता.

आज सकाळी मात्र त्याची बॅटरी भरलेली निघाली. पॅनल लख्ख होते.

"वावटळ आली असन," प्रशिक म्हणाला.

मी लँडरसमोरच्या जमिनीचा फोटो मोठा केला. धुळीत खराट्यानं ओढावेत तसे अर्धगोल फराटे होते, एकाला लागून एक.

काटोलच्या घरी अंगण मीच झाडायची. "आपले पाय उमटू नये म्हणून मागं मागं सरकत झाडा लागते," मी म्हटलं. "हे पाह्य, तिकडं लांबून सुरू केलं."

"अन् संपवलं कुठं, प्रीती?"

मी बोट ठेवलं. फराटे लँडरच्या पायाशी येऊन थांबले होते.

मागचं पॅनल पाहायला कॅमेरा वळवायची कमांड आम्ही आधीच पाठवली होती. तो फोटो आता वरून खाली, हळूहळू स्क्रीनवर उतरू लागला.

वरच्या ओळींत नेहमी आकाश येतं.

आज आलं नाही.