चार बोटं दुमड

"खूण कर आणि मोकळी हो, बाळ," मार्गदर्शनाच्या बाई म्हणाल्या. "शेवटची घंटा झाली की फॉर्म वर जातात. कोऱ्या फॉर्मला उरलेली जागा मिळते. मग कुठली मिळेल, ते माझ्याही हातात नाही."

समोरच्या मुलीने पेन्सिल टेकवली, उचलली, खोडलं. फॉर्मवरच्या दोन चौकटी खोडून खोडून उशीच्या जुन्या अभ्र्यासारख्या विरल्या होत्या.

शेजारी तिची आई बसली होती. शिवणकाम अर्धं टाकून आलेली. गळ्यातली टेप काढायची राहिलेली, बाहीला चार टाचण्या तशाच. समोर फलकावर एक मोठा तक्ता होता. मघापासून ती त्याच्याकडे बघत होती. वर तीन नावं: रुग्णसेवा, यंत्रदुरुस्ती, आरेखन. त्याखाली बाण, बाणाखाली बाण. शाळेत असतानाच कामाचे धडे, मग त्याच कामाचं कॉलेज, मग त्याचीच नोकरी. रेघेत रेघ, रेघेत रेघ. उंदराने रिळं पळवावीत तसा सगळा गुंता.

"रुग्णसेवा घेतली आणि रक्त बघून मलाच चक्कर आली तर?" लेक म्हणाली.

"मग यंत्रदुरुस्ती घे," बाई म्हणाल्या.

"आणि ती आवडली तर? मग रुग्णसेवा राहिलीच की."

"अगं, आवडली तर रडायचं कशाला?"

"एकदा घेतलं की घेतलं, असं तुम्हीच वर्गात सांगितलंत ना, बाई."

"सांगितलं. आज हे, उद्या ते करत बसलं की एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्यांची गोधडी होते, बाई," आई हळूच म्हणाली आणि आपणच बोललो म्हणून ओशाळली.

पोरीसाठी एक पांढरा कोट तिने मनात केव्हाच बेतून ठेवला होता. पण घरचं मशीन अडलं की हीच पोर भरल्या ताटावरून उठते, त्याच्या पोटात हात घालते आणि गालाला तेल लावून हसत येते, तेही तिने पाहिलं होतं. एक मन इकडे, एक मन तिकडे. बोलायचं कुठल्या मनाने?

"बाई, तो कागद जरा खाली घेता का? लांबून मला उमजत नाही. टेबलावर पसरला म्हणजे कळेल."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, उसासा टाकला आणि तक्ता उतरवला. फलकावर टोचलेल्या टाचण्या गंजल्या होत्या. काढताना दोन मोडल्या.

आईने तक्ता टेबलावर पसरला. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारल्या. बाईंचा कप एका कोपऱ्यावर ठेवला, स्टेपलर दुसऱ्यावर. मग तिचा चेहरा जरा निवळला.

"हां. म्हणजे या अखंड रेघेवर कात्री चालवायची. आणि ही ठिपक्यांची रेघ, इथे दुमडायचं."

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, अगं, हा काय ब्लाउज आहे?"

बाईही हसल्या. "ताई, बेतणीचा कागद नाही हा."

"मग ठिपके कशाला घातलेत?"

बाई तक्त्यावर वाकल्या. वर्षाच्या सुरुवातीपासून वर्गावर्गातून त्यांनी हा तक्ता समजावला होता. बोट नेहमी जाड बाणांवरून वरून खाली गेलं होतं. रुग्णसेवेतून यंत्रदुरुस्तीकडे, यंत्रदुरुस्तीतून आरेखनाकडे अशा बारीक ठिपक्यांच्या रेघा आडव्या गेल्या होत्या खऱ्या.

"ते... छापताना आलं असेल."

आईचा हात मात्र कागदाच्या खालच्या काठावर थांबला होता. काठ जाड लागत होता. तिने नखाने उचकलं.

"इथे तर दुमड आहे, बाई. चांगली चार बोटं."

तक्ता फलकापेक्षा लांब भरला होता. कुणीतरी तो खालून नेटका दुमडून फलकात बसवला होता. आईने दुमड सोडली. आतला कागद वरच्यापेक्षा पांढरा निघाला. त्यावर ठिपक्यांची एक छोटी रेघ, आणि पुढे दोन ओळी. लेकीने त्या मोठ्याने वाचल्या. "पहिल्या सत्राच्या शेवटी, पालकांच्या अर्जावर, दुसऱ्या मार्गाकडे जाता येईल."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मी तर सगळ्यांना..." त्या म्हणाल्या. कपाटापाशी बाकीच्या मुलांच्या भरलेल्या फॉर्मचा दोरीने बांधलेला गठ्ठा होता. त्यांची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

आईला इतकंच विचारायचं होतं. "म्हणजे, हे नंतर उसवता येतं?"

"येतं, असं दिसतंय."

"मग घाबरतेस काय गं? कच्चा टाका घाल आधी. पेन्सिल हलकी धर."

लेकीने पेन्सिल हलकी धरली. खूण यंत्रदुरुस्तीच्या चौकटीत पडली. आईच्या मनातला पांढरा कोट बाह्यांसकट घडी होऊन बाजूला गेला. तिने खाली सही केली. तिच्या सहीचा दाब पोरीच्या खुणेपेक्षा जड होता.

"आई, चालेल ना?"

"मशीनला विचार. त्याला चालेल."

बाई तक्ता घेऊन फलकापाशी उभ्या होत्या. काठाची घडी जुनी होती. कागद आपणहून तिथेच वळत होता. एकदा त्यांनी तो दुमडला, पुन्हा सोडला.

"ताई, टाचण्या आहेत का हो तुमच्याकडे?"

आईने बाहीच्या टाचण्या काढून दिल्या. घंटा झाली. मायलेकी दाराशी पोचल्या तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या, गठ्ठा मांडीवर, आणि दोरीची गाठ सुटत नव्हती. वर फलकाच्या चौकटीबाहेर चार बोटं पांढरा कागद पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता.