तीन अक्षरांची सहा

या, अंमळ पुढं सरकून बसा. बुवा अजून पागोटं बांधताहेत, मृदंगाला कणीक लागायची आहे. तेवढ्यात संपेल एवढीच ही गोष्ट.

कर्जत स्टेशनाच्या वरच्या अंगाला रेल्वेच्या साहेबाचा बंगला होता. टळटळीत दुपार. व्हरांड्यात मडम टेबलाशी बसून हाडाच्या चकत्यांवरची इंग्रजी अक्षरं इकडून तिकडं सरकवीत होती. विलायतेच्या वर्तमानपत्रात एक लांबलचक शब्द छापून येई. त्याच्या अक्षरांतून आणखी किती शब्द निघतात ते शोधायचे, असा तो खेळ. पळसदरीचा पदू, बंगल्यातला बटलर, चहा टेबलावर मांडून रिकामा ट्रे घेऊन मागं उभा होता. आठ वर्षांत त्याला काट्याचमच्यापुरतं इंग्रजी आलं होतं. या खेळात मात्र त्याला काडीचं गम्य नव्हतं.

फरशी पुसणारी गौराबाई फडकं टाकून उठली.

"पदूदादा, मडम कौल लावते का रं?"

"कौल नाय गं. अक्षरं लावते. असलेल्या अक्षरांतनं शब्द काढायचा."

"म्हंजे इचारायचं, नि उत्तर निघतं."

पदू नाही म्हणायला गेला आणि थांबला. दिसत तर तसंच होतं.

गौराबाईचा नवरा सुरुंग लावण्यात तरबेज; तीन वर्षांमागं जहाजानं आफ्रिकेच्या रेल्वेवर कामाला गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. आज तिन्हीसांजेला थोरला दीर नागू त्याचा पुतळा करून अग्नी देणार होता. पुतळा जळाला की हिनं कुंकू पुसायचं.

"काल गावदेवीला कौल लावला," ती म्हणाली, "तर दोनी पाकळ्या एकदमच पडल्या. होकाराची उजवी बी नि नकाराची डावी बी. गुरव म्हनला, देवीचंच ठरत नाय, मी काय सांगू? पन परवा कीर्तनात बुवा काय म्हनले? अक्षर म्हंजे ज्याला नाश नाय. तर ह्यांच्या नावाची अक्षरं लावायला सांग मडमला. काय निघंल ते निघंल."

पदूनं भीत भीत सांगितलं, "मडम, धिस वूमन... हजबंड नेम... प्ले."

बाई खेळायला आली म्हणून मडम खूश झाली. "नेम?"

गौराबाईनं पदर दातात धरला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेवटी म्हणाली, "समद्या भावांत जे बारकं, त्येच नाव."

"बारकं," म्हणत मडम बारकंच मांडायला लागली.

"नो, नो, मडम! धाकलू!"

टेबलावर सहा अक्षरं लागली. गौराबाईनं बोटं मोजली. "धा-क-लू. तीन व्हत्यात. ही सा कशी?"

"साहेबाच्या मुलखात समदं दुप्पट लागतं. गप ऱ्हा."

मडमनं चार अक्षरं पुढं ओढली. "हॉल!" आणि दोरखंड ओढल्यासारखे हात केले.

"ओढून नेनं," पदू म्हणाला.

गौराबाईचा चेहरा उतरला. "कोन ओढून नेतंय?"

"अगं, संपलं नाय अजून."

मडमनं अक्षरं पुन्हा मिसळली, मान तिरकी करून पाहिली आणि टाळी वाजवली. "हल्क!"

हा शब्द पदूनं जन्मात ऐकला नव्हता. मडमनं बशी हातात घेऊन टेबलावरून डोलत डोलत नेली: जहाज. मग डोलकाठी काढून टाकल्याची खूण केली, शिडं उतरवल्याची केली, आणि बशी एका जागी ठेवून दिली. "नेव्हर गो," ती म्हणाली. "नेव्हर."

"गुड शिप, मडम? बॅड शिप?"

"ओल्ड शिप," मडम म्हणाली, आणि तिनं त्याच बशीत कप ठेवून चहा ओतून घेतला.

पदूला काही उमजेना. जुनं जहाज म्हणजे चांगलं की वाईट? ते मोडलं, की नुसतं थांबलं? हा पोरखेळ म्हणावा, तर शब्द धाकलूच्याच नावातून निघालेला. खरा म्हणावा, तर तो सांगतोय काय? आणि मडमला तरी ठाऊक होतं का, की आपण कुणाचं मरण-जगणं हातात घेऊन बसलोय?

"सांग की रं, दादा."

"जहाज," पदू म्हणाला. "शिडं उतरवून ठेवलेलं."

'आता कधी न जाणारं' एवढं राहिलं होतं. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर गौराबाईच बोलली.

"शिडं कदी उतरवत्यात रं? बंदर लागल्याबिगर कुनी उतरवतं का?"

तिचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. पदूनं ट्रे छातीशी धरला.

"नाय गं," तो म्हणाला. "मधीच कोन उतरवील?"

गौराबाई अर्धी फरशी तशीच सोडून, केरसुणी काखेत मारून निघाली. व्हरांड्यातून पदूला खालची वाट दिसत होती. नागू पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन येत होता, पुतळ्यासाठी. तिनं त्याच्या आडवी येऊन भारा खाली उतरवला. नागू हातवारे करत राहिला. ती वाटेतच मांडी घालून बसली, केरसुणीची एक काडी मोडली आणि पानाला पान लावून जेवणाची पत्रावळ टाचायला लागली.

धाकलू आला की नाही, ते मला विचारू नका. देवापुढं हात जोडाल, तेव्हा उरलेले शब्द गिळून बसलेल्या त्या पदूची मात्र आठवण ठेवा. मडमनं "मोअर शुगर" म्हणून दोनदा हाक मारली, तरी तो खालच्या वाटेकडं बघत तसाच उभा होता.