दोन प्रोसेसर आणि मखमलीची कव्हरं

रूपलच्या पत्राला कचरू गुरुजींनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. लिहायला चार वेळा बसले होते. चारही वेळा 'मला असं वाटतं' इथपर्यंत येऊन त्यांनी कागद फाडला होता.

पत्र साधं होतं. टेंभुर्णीच्या वाचनालयाला ती आजीच्या, भगवतीदेवींच्या नावानं पुण्याहून संगणक देणार होती. जुन्या पुस्तकांची पानं मोठ्या अक्षरांत करून म्हाताऱ्या वाचकांना द्यावीत, ही कल्पना गुरुजींचीच. प्रोसेसर दोन सुचवले होते, एक मोठा आणि एक मध्यम. शेवटी लिहिलं होतं, 'दुकानदार मोठाच घ्या म्हणतो. तिथं कोणता टिकेल ते तुम्ही सांगा. आणि गुरुजी, दुसऱ्या कोणाला विचारून सांगू नका. मेअखेर मागवते. तोवर उत्तर आलं नाही तर दुकानदाराचं ऐकेन.' फोनवर गुरुजी नुसतं 'बरं' म्हणतात, हे त्यांच्या या जुन्या विद्यार्थिनीला ठाऊक होतं.

आज मेची तेवीस तारीख होती.

तरी गुरुजींनी दुसऱ्यांना विचारलंच. भोकरदनचा संगणकवाला बबलू दोन्ही प्रोसेसरची दोन मशीन जीपमध्ये घालून सकाळीच आला. वाचनालयाचे अध्यक्ष राधेश्याम शेठ आले, आणि त्यांच्या कापडाच्या दुकानातून जरीची किनार लावलेली मखमलीची दोन कव्हरं आली. नव्या वस्तूला हळदकुंकू लागलं. मग दोन्ही डब्यांना कव्हरं चढली, बटणापुरतं भोक ठेवून.

बबलूनं दोन्हींवर एकच पुस्तक लावलं. तीनशे पानांचे फोटो होते. त्यांतली अक्षरं ओळखून मशीननं ती नव्यानं उतरवून काढायची. गुरुजी वही घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी पानांचा आकडा मांडू लागले. पहिल्या पाच मिनिटांत मोठ्यानं साठ पानं काढली, मध्यमनं चाळीस. शेठनी मांडीवर थाप मारली. फुकटात मिळून राह्यलं तर छोटं कशाला घ्यायचं, हे त्यांचं म्हणणं ते चौथ्यांदा सांगू लागले.

छताचा पत्रा तापत चालला. पुढच्या पाच मिनिटांत मोठ्याची तीस पानं झाली. नंतर अठ्ठावीस. मध्यमची चाळीसच होती, पुन्हा चाळीस.

 आपण रकाने उलटे भरले, असंच गुरुजींना वाटलं. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावरचे आकडे परत वाचले. रकाने बरोबर होते. मध्यमचं पुस्तक अडतीस मिनिटांत संपलं, तेव्हा मोठ्याची पन्नासेक पानं बाकी होती.

"तापलाय तो," बबलू म्हणाला. "लई तापला की सोताच हळू होतो, जळू नाही म्हणून. छोटा तेवढा तापत नाही. कव्हर काढा, मंग पाहा."

कव्हरं काढली, मशीन थोडी निवू दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मोठा अडला नाही. पंचवीस मिनिटांत त्यानं पुस्तक संपवलं. मध्यमला अडतीसच लागली.

शेठ उठलेच. निकाल लागला, मोठाच मागवा, असं म्हणून त्यांनी पायात चप्पल सरकवली.

पुस्तक परत करायला आलेल्या गोजरबाई मघापासून बाकावर बसून होत्या. सत्तरी उलटलेली, डोळे अधू. त्या म्हणाल्या, "सकाळधरून हेच दोघं वाचून राह्यले. माहा नंबर कव्हा?"

बबलू हसला. त्यानं पहिलं पान बोटाएवढ्या अक्षरांत पडद्यावर आणलं. गोजरबाई पुढं सरकल्या आणि चष्मा न चढवता, एकेक शब्द जोडत, मोठ्यानं वाचू लागल्या. दोन ओळी झाल्यावर त्या थांबल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिसरी वाचायला लागल्या.

दारातून बाजाररस्त्याची धूळ आत आली. वाचता वाचता गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. शेठ दारातून माघारी फिरले, टेबलावरचं कव्हर त्यांनी झटकलं आणि चालू असलेल्या मोठ्या मशीनवर नीट ओढून बसवलं. किनारसुद्धा सरळ केली.

गुरुजी ते पाहत राहिले.

"शेठ," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "शेठ, ते चालू आहे."

"मंग? चांगली वस्तू उघडी ठेवत्यात का गुरुजी?"

"नाही ठेवत," गुरुजी म्हणाले. "आपण कोणीच नाही ठेवत."

ते आपल्या टेबलाशी गेले आणि कागद ओढला. या वेळी सुरुवातीला 'मला असं वाटतं' आलं नाही. 'मध्यम पाठव,' त्यांनी लिहिलं. 'उघडा ठेवला तर मोठाच पळतो. पण इथं तो उघडा राहणार नाही. गोजरबाईंनी आज तीन ओळी वाचल्या.' खाली सही केली.

काय लिहिलं म्हणून शेठनी विचारलं, बबलूनंही मान पुढं काढली. गुरुजींनी कोणालाच वाचून दाखवलं नाही. डिंक लावून पाकीट बंद केलं आणि भर उन्हात, डोक्यावर रुमालही न घेता, ते डाकघरापर्यंत चालत गेले.

पाकीट पेटीत पडलं. हात थोडा वेळ पेटीच्या तोंडाशीच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि बोटांना लागलेला डिंक धोतराला पुसला.