नेम बसला

नारीनच्या कुरणावर कादिरकुलने शेजाऱ्याकडून घेतलेली वापरलेली शिकारी बंदूक दोन उन्हाळे वाकडीच मारत होती. तंबूचं धुराडं गेलं, चहाचा समोवर गेला, घोड्याचं खोगीर गेलं. लांडगा मात्र मेंढ्या नेतच राहिला.

"अहो, तो मेंढ्या मारतो आणि तुम्ही भांडी," बायको बुरुल म्हणाली. "आता तरी नेम बसवा, नाहीतर हिवाळ्यात काय खायचं?"

शेवटी कादिरकुलने मनावर घेतलं. बंदुकीत गोळी नाही हे दोनदा पाहिलं, सैल स्क्रू आवळले. मातीच्या दरडीपुढे फळी उभी केली, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि गोळी फळीच्या मधोमध लागेपर्यंत नळीवरचा नेमाचा खुंट केसाकेसाने सरकवला.

सकाळी लांडगा आला. त्याच्यामागे दरड, मध्ये कोणी नाही. कादिरकुलने बंदूक खांद्याला लावली.



बंदूक दिसताच राखणीच्या कुत्र्यासकट सगळा कळप जीव मुठीत धरून पळाला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात सुरक्षित जागी, लांडग्याला अगदी चिकटून, उभा राहिला.