निम्म्या किमतीतली हिरवी गाडी

"वेग पन्नासच्या वर न्यायचा नाही," अलकाबाई वहीत बघून म्हणाल्या. "डिझेल कमी जळतं."

"परफेक्ट, काकू," सुरज म्हणाला. मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला पन्नास म्हणजे विमानच होतं.

के. आर. पुरमच्या त्या अंगणात कॅराव्हॅन उभी होती. टपावर सोलर, आत ओटा, तीन बर्थ. किंमत बाजाराच्या निम्मी. मात्र जाहिरातीत अट होती: पर्यावरणाची खरी काळजी असणाऱ्यांनीच यावं.

सुरज आणि प्रणिताला ही काळजी गेल्या रविवारपासून लागली होती. सुरजच्या आईनं, कस्तुराबाईंनी, पुण्याहून फोन करून कळवलं होतं की एक तारखेपासून त्या कायमच्या राहायला येतायत. कधी उठायचं, काय खायचं, हे पुन्हा ऐकायची दोघांची तयारी नव्हती. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. घरच नसलं तर आई येणार कुठे? "आई, आम्ही आता कार्बन कमी करतोय," सुरजनं सांगून टाकलं आणि फ्लॅट सोडायची नोटीसही दिली. आता फक्त गाडी मिळायची होती.

"एसी नाही."

"आम्हाला सोसतच नाही, काकू."

"दिवे साडेआठला बंद. बॅटरी टिकते. उठायचं पहाटे पाचला. उजेड वाया घालवायचा नाही."

प्रणितानं नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या दिवशी अकराला उठला होता. "आम्ही योगा करतो," ती म्हणाली आणि मागच्या बर्थचा पडदा सारायला गेली.

"राहू दे गं तो, ऊन येतं," अलकाबाई घाईनं म्हणाल्या. "हं. साखर ठेवायची नाही. मुंग्या होतात, मग औषध मारावं लागतं. आणि भात मऊ शिजवायचा."

"मऊ का?"

अलकाबाईंचे यजमान अरविंद खोकले. "ताट पटकन निघतं. पाणी वाचतं."

"वा! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं," सुरज म्हणाला.

"दर दोन तासांनी गाडी थांबवायची."

"इंजिन निवतं," अरविंद लगेच म्हणाले.

"इतका बारीक विचार कुणी केला हो?" प्रणितानं विचारलं.

"आमच्या आप्पाजींमुळे सगळं. माझे सासरे. रिटायर झाल्यावर गाडी त्यांनीच बांधली. त्यांची एकच इच्छा, गाडी दारात उभी राहू नये, देशभर फिरावी. आम्हाला स्वल्पसुद्धा रजा मिळत नाही."

सुरजनं गंभीर चेहऱ्यानं हात जोडले. "त्यांची इच्छा आम्ही पूर्ण करू."

"शब्द?"

"शब्द, काकू."

अलकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कागदांवर सह्या झाल्या, नियमांच्या पानावरही. किल्ली हातात पडताच प्रणिता सुरजच्या कानाशी पुटपुटली, "सुटलो एकदाचे. आता कुणाचं ऐकायला नको."

अलकाबाईंनी मागचा पडदा बाजूला केला. बर्थवर कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन ताठ बसले होते.

"आप्पाजी, मंडळी भली आहेत. सगळं कबूल केलंय."

आप्पाजींनी सुरजला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आधी दाढी करून ये."