मायेचं बारसं

“माया नको बाई,” नीलव्वा हातमोजे काढत म्हणाली. “आमच्या कन्नडात ‘माय आतु’ म्हंजे गायब झालं. आधीच टाकून गेल्यात तिला. आता आपण दिवसभर ‘ए गायब, ए गायब’ म्हणून हाका मारायच्या काय?”

नर्सचा मुद्दा बिनतोड होता. टिळकवाडीतल्या एका बंगल्यात निराधारांची संस्था सुनयना चालवत होती आणि नाव तिनंच सुचवलं होतं.

नाव ठेवायचं होतं ती सापडली निपाणीच्या बसस्टँडवर. कुणीतरी शालीत गुंडाळून बाकड्यावर सोडून गेलं होतं. संस्थेत आली तेव्हा तोंडात दात नाही, डोक्यावर विरळ मऊ केस, अंगावर मांस म्हणून नाही. हातात बोट दिलं की ते घट्ट धरून ठेवायची. सुनयनाला त्याचं भारी कौतुक. पण ते आपोआप होतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाकीचंही त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. हाकेला मान वळत नाही, नजर ठरत नाही. तिला काही उमजतं याची एक तरी खूण दिसली तर इथं ठेवा, नाहीतर सोमवारी बेंगळूरच्या मोठ्या संस्थेत हलवू. तिथं सोयी होत्या, माणसंही चांगली होती, पण खाटांना नंबर होते आणि हाकही नंबरानंच मारायचे. सुनयनाला ते सहन होत नव्हतं. जायचंच असेल तर निदान नाव घेऊन जाऊ दे, असं म्हणून तिनं आज, रविवारी, बारसं धरलं होतं.

“महामाया म्हणजे सिद्धार्थाची आई,” ती म्हणाली. “आमच्या घरात फार जिव्हाळ्याचं नाव आहे हे.”

“संस्कृतात माया म्हणजे भास,” मारुतीराव पेपराआडून बोलले. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. रोज येऊन पेपर वाचायचे आणि सल्ला द्यायचे. सल्ला फुकट होता, त्यामुळं भरपूर होता. “हिंदीत पैसा. मराठीतसुद्धा ‘बरीच माया जमवली’ म्हणतात, ते काही कौतुकानं नव्हे. कुणी म्हणतं ‘मोजणे’ अर्थाच्या धातूवरून शब्द आला, कुणी म्हणतं नाही. विद्वानांचं अजून भांडण चालू आहे.”

“आप्पा, माया म्हंजे माया! त्यात भांडायचं काय?” मंगल म्हणाली. मंगल खानापूरकडची. संस्थेचा स्वयंपाक तिच्याकडं आणि खरं तर बाकीचंही सगळं तिच्याकडंच. आत्ता ती नव्या पाहुणीसाठी सैल सुती कपडा शिवत होती. “आईची असती ती. शिलाईत पण असती. ही बघा, आत दोन बोटं माया सोडलीया. अंगानं भरली की उसवायचं.”

“भरायला ती इथं राहायला हवी,” सुनयना म्हणाली. मंगलनं मान खाली घालून सुईत दोरा ओवला.

मग नीलव्वानं औषध लावायला तिला हळूच कुशीवर वळवलं. पडून पडून कमरेखालची कातडी लाल होऊन सोलली होती. नीलव्वानं वाकून बघितलं आणि पुटपुटली, “माय्तु.”

“आता काय गायब झालं?” मारुतीरावांनी विचारलं.

“न्हाय हो सर. जखम भरून आली तरी आम्ही ‘माय्तु’च म्हणतो.” ती जराशी ओशाळली. “मला आधी आठवलंच न्हाय बघा. ठेवा तेच नाव.”

मारुतीरावांनी एकदाचा पेपर मिटला.

पाळणा नव्हता, म्हणून खाटेलाच फुगे बांधले. मंगलनं घुगऱ्या शिजवल्या. नव्या पाहुणीला काही त्या चावता येणार नव्हत्या, तिच्यासाठी रव्याची पातळ खीर केली. आत्या कोण, हा प्रश्न मंगलनं कुणाला पडूच दिला नाही. आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे तिनं नीलव्वाला दोनदा समजावलं.

“पाठीला कुणी हात लावायचा नाही,” सुनयनानं बजावलं. कारण एवढीशी ती, पण काल अंघोळीला उचलताना मंगलच्या पाठीत उसण भरली होती. मारुतीरावांनी त्यावरून तिला पोटभर चिडवूनही घेतलं होतं.

“धपाट्याबिगर कसलं गं बारसं, आक्का?”

“आणि उद्या स्वयंपाक कोण करणार?”

मंगल तोंड पाडून खाटेवर वाकली. कानाशी तोंड नेऊन “कुर्रर्र” केलं आणि म्हणाली, “माया. ऐकलंस न्हवं? माया.”

सगळे त्या चेहऱ्याकडं बघत राहिले. नजर होती तिथंच, छताला. पापणीसुद्धा हलली नाही. सुनयनानं खिडकीकडं तोंड फिरवलं. मंगल कमरेवर हात ठेवून हळूहळू उठायला लागली.

तोच तिच्या पाठीत दणकन धपाटा बसला.

“नको म्हटलं होतं ना!” सुनयना गर्रकन वळली.

नीलव्वाच्या दोन्ही हातांत घुगऱ्यांचं पातेलं होतं. मारुतीराव पार दारात उभे होते.

खाटेवरून सुरकुतलेला, हिरव्या गोंदणाचा हात पुन्हा वर झाला.

“गप काय उभारलायसा गं?” ती म्हणाली. “हाणा की आत्याला! माझ्या नातवाच्या बारशाला अख्ख्या गल्लीनं हाणलतं!”